आरएम स्वतः लिहिताना: वाचकांचे प्रश्न

मागच्या वेळी या सदरात एक गृहपाठ दिला होता: युनिक्स-लिनक्सवरची फाइली उडवणारी आरएम ही कमांड स्वतः लिहून पाहा, भाषा कुठलीही चालेल. १९७१च्या पहिल्या युनिक्सपासून असलेली ही कमांड वरवर किरकोळ दिसते. लिहायला बसलेल्यांच्या पत्रांचा सूर मात्र वेगळा आहे. त्यांतले काही प्रश्न घेतो.

प्रश्न: मी एक फाइल फक्त वाचण्यापुरती (४४४) करून ठेवली होती. आरएम तिच्याबद्दल आधी विचारते, पण माझ्या सी प्रोग्रॅमनं अनलिंक कॉल करताच फाइल गेली. मी एखादी पर्मिशन तपासायची विसरले का? (संगणकशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

नाही. कर्नलचं (सिस्टिमच्या गाभ्याचं) वागणं बरोबर आहे. फाइलचं नाव फाइलमध्ये नसतं, ते डिरेक्टरीच्या यादीत असतं: एकेका ओळीत नाव आणि त्यासमोर आयनोडचा, म्हणजे फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीचा, क्रमांक. अनलिंक ती ओळ काढतं आणि आयनोडवरचा लिंकांचा आकडा एकनं उतरवतं. त्यामुळे परवानगी लागते ती डिरेक्टरीत लिहिण्याची आणि शिरण्याची. फाइलवर ४४४ आहे की ०००, हे कर्नल बघतच नाही. तुमच्या डिरेक्टरीत दुसऱ्याच्या मालकीची फाइल पडली असेल तर तीही तुम्ही काढू शकता. अपवाद स्टिकी बिटचा, म्हणजे डिरेक्टरीवर लावायच्या एका खास खुणेचा. /टीएमपी (सगळ्यांची तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी) वर तो बिट लावलेला असतो (१७७७), म्हणून तिथे फाइलचा मालक, डिरेक्टरीचा मालक किंवा रूट (सर्वाधिकारी युजर), एवढ्यांनाच फाइल काढता येते.

आरएम विचारते ते तिचं स्वतःचं सौजन्य. फाइलवर लिहिता येत नाही, स्टँडर्ड इनपुट टर्मिनलला जोडलेलं आहे आणि -एफ (‘न विचारता काढ’ हा ऑप्शन) दिलेलं नाही, या तिन्ही गोष्टी जुळल्या तरच ती थांबते. हीच आरएम क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या सेवेतून) चालवा, अवाक्षर न काढता उडवेल. तुमच्या प्रोग्रॅममध्येही हे तीन तपास हातानं घालावे लागतील. उत्तर स्पष्ट ‘हो’ असेल तरच पुढे जा. नुसतं एंटर दाबलं किंवा इनपुट संपलं, तर ते ‘नाही’ धरा.

प्रश्न: आतल्या डिरेक्टऱ्यांसकट उडवण्यासाठी मी सरळ रिकर्शन (स्वतःलाच पुन्हा बोलावणारं फंक्शन) लिहिलं: पाथ जोडत जायचं, डिरेक्टरी असेल तर आत, नाहीतर अनलिंक. चालतंय. पण सर म्हणतात हे रूटनं चालवलं तर धोक्याचं आहे. धोका नेमका कुठे? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, नाशिक)

सर बरोबर सांगताहेत. या सगळ्या गृहपाठाचा खरा कस इथेच लागतो, त्यामुळे जरा सविस्तर बघू.

समजा रूट /टीएमपी/काम साफ करतोय आणि ही डिरेक्टरी दुसऱ्याच एका युजरची आहे. तुमचा प्रोग्रॅम /टीएमपी/काम/जुने यावर एलस्टॅट (‘हे काय आहे’ असं विचारणारा कॉल) करतो, उत्तर येतं ‘डिरेक्टरी’. पुढच्या क्षणी तो तोच पाथ उघडून आतल्या फाइली काढायला घेणार. या दोन कॉलांच्या मधल्या फटीत त्या युजरनं ‘जुने’चं नाव बदलून त्या जागी /ईटीसी (सिस्टिमच्या सेटिंगांची डिरेक्टरी) कडे बोट दाखवणारी सिमलिंक ठेवली, तर? तुमचा प्रोग्रॅम पाथ पुन्हा पहिल्यापासून वाचतो, सिमलिंकवरून सरळ /ईटीसी त उतरतो आणि रूटच्या हक्कानं तिथल्या फाइली उडवतो. फट काही मायक्रोसेकंदांची असली तरी हल्लेखोर हा प्रयोग लूपमध्ये टाकून हजारदा करू शकतो. हा कागदी धोका नाही. रस्ट भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या रिमूव्ह-डिर-ऑल या फंक्शनमध्ये नेमकी हीच चूक निघाली, आणि जानेवारी २०२२ मध्ये १.५८.१ ही आवृत्ती काढून ती दुरुस्त करावी लागली. सुरक्षिततेच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या भाषेची ही गत, मग आपण सी मध्ये काय टेंभा मिरवायचा!

उपाय: पाथवर विश्वास टाकायचा नाही, उघडलेली डिरेक्टरी हातात धरून ठेवायची. वरची डिरेक्टरी उघडून तिचा डिस्क्रिप्टर (उघडलेल्या गोष्टीसाठी कर्नलनं दिलेला क्रमांक) घ्या. आतली डिरेक्टरी ओपनॲट या कॉलनं त्या डिस्क्रिप्टरच्या संदर्भात, फक्त नाव देऊन उघडा, आणि सोबत ओ-नोफॉलो, ओ-डिरेक्टरी हे फ्लॅग लावा. मध्येच कुणी सिमलिंक ठेवली असेल तर उघडणंच फसतं. फाइली काढायच्या त्या अनलिंकॲटनं, हातातल्या डिस्क्रिप्टरवरून. रिकामी झालेली डिरेक्टरी काढताना त्याच अनलिंकॲटला एटी-रिमूव्हडिर हा फ्लॅग द्यायचा. आता बाहेर कुणी नावं कितीही फिरवली तरी तुमच्या हातात आहे तीच डिरेक्टरी राहते. हे कॉल २००८च्या पॉझिक्समध्ये (युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या मानकात) आहेत, त्यामुळे सिस्टिममध्ये सोय नाही ही सबब चालायची नाही.

यातून आणखी एक फायदा होतो. लिनक्सवर एका कॉलला दिलेल्या पाथची कमाल लांबी ४०९६ बाइट. फसलेल्या एखाद्या स्क्रिप्टनं एकात एक शेकडो डिरेक्टऱ्या बनवल्या असतील तर पाथ जोडणारा प्रोग्रॅम तिथे अडकतो आणि ते झाड काढताच येत नाही. डिस्क्रिप्टरच्या पद्धतीत दर वेळी एकच नाव जातं. पण मग डिस्क्रिप्टर संपतात. बऱ्याच सिस्टिमवर एका प्रोसेसला मुळात १०२४ च मिळतात. फार खोल गेल्यावर वरचे बंद करा आणि परतताना ‘..’ (एक पायरी वरची डिरेक्टरी) उघडून वर या. वर आल्यावर डिव्हाइस आणि आयनोड क्रमांक आधी टिपलेल्याशी जुळतात का ते मात्र बघा. दरम्यान कुणी अख्खी डिरेक्टरी दुसरीकडे हलवली असेल तर ‘..’ भलतीकडे नेईल. जुळलं नाही तर तिथेच थांबा.

बारीकसारीक दोन गोष्टी. रीडडिर (डिरेक्टरीची यादी वाचणारं फंक्शन) प्रत्येक नावासोबत त्याचा प्रकार सांगतं, पण काही फाइलसिस्टिमवर तिथे ‘माहीत नाही’ असं येतं. तेव्हा एफस्टॅटॲट या कॉलनं प्रकार विचारावाच लागतो. आणि यादी वाचता वाचता तिच्यातल्याच ओळी काढत गेलात तर काही नावं सुटू शकतात. पॉझिक्सनं या बाबतीत हात वर केले आहेत. आधी सगळी नावं गोळा करा, किंवा शेवटी डिरेक्टरी ‘रिकामी नाही’ म्हणाली तर एकदा रिवाइंड करून परत वाचा.

प्रश्न: सर्व्हरवरची ४० जीबीची लॉग फाइल आरएमनं काढली, पण डीएफ (डिस्कवरची जागा सांगणारी कमांड) अजून डिस्क भरलेलीच दाखवतंय. फाइल तर दिसत नाही. (सिस्टिम ॲडमिन, ठाणे)

नाव गेलं, पण लॉग लिहिणाऱ्या प्रोसेसनं ती फाइल अजून उघडी धरली आहे. लिंकांचा आकडा शून्य आणि उघडे डिस्क्रिप्टरही शून्य, असं झाल्याशिवाय कर्नल ब्लॉक मोकळे करत नाही. एलएसओएफ +एल१ चालवा, धरून बसलेली प्रोसेस सापडेल. ती रीस्टार्ट करा किंवा तिला लॉग परत उघडायला लावा. यापुढे चालू लॉग काढू नका, रिकामा करा.

प्रश्न: ‘कऱ्हाड’ असं नाव असलेली फाइल ‘ls’ ला दिसते, पण मी नाव टाइप करून माझा प्रोग्रॅम चालवला की ‘अशी फाइल नाही’ म्हणतो. मूळ आरएमही तेच म्हणते! (वाचक, सांगली)

तुमचा प्रोग्रॅम निर्दोष आहे. ‘कऱ्हाड’मधला अर्धा ऱ युनिकोडमध्ये निदान तीन तऱ्हांनी लिहिता येतो: ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, साधा र, खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि मागे न दिसणारा झीरो-विड्थ जॉइनर. पडद्यावर तिन्ही बहुधा सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. लिनक्सच्या नेहमीच्या फाइलसिस्टिमच्या लेखी नाव म्हणजे नुसती बाइटांची ओळ, त्यामुळे तिच्या दृष्टीनं ही तीन निरनिराळी नावं आहेत. तुमच्या कीबोर्डनं एक पाठवलं, फाइल बनवणाऱ्याच्या कीबोर्डनं दुसरं. ‘क*’ लिहून टॅब दाबा, किंवा फाइंड या कमांडला आयनोड क्रमांक देऊन काढा.

प्रोग्रॅमनं आपणहून नावाचं नॉर्मलायझेशन (वेगवेगळी रूपं एकाच रूपात आणणं) करावं का? अजिबात नको. शेजारी खरोखरच दुसरी ‘कऱ्हाड’ असेल तर भलतीच जाईल. मिळालेले बाइट तसेच कर्नलला द्या. रस्टमध्ये साध्या स्ट्रिंगऐवजी ओएस-स्ट्रिंग वापरा, कारण नाव वैध यूटीएफ-८ (युनिकोड बाइटांत लिहिण्याची पद्धत) असेलच असं नाही. जाता जाता: एका नावाची मर्यादा २५५ बाइट, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून ८५ चिन्हं. सरकारी जीआरचं अख्खं शीर्षक फाइलला देणाऱ्यांना हा अनुभव आला असेल.

प्रश्न: कुणीतरी ‘-आरएफ’ नावाची फाइल बनवली तर? आणि / (सगळ्या डिरेक्टऱ्यांचं मूळ) उडवू नये यासाठी मी पाथची ‘/’ शी तुलना केली आहे, तेवढं पुरे का? (बॅकएंड डेव्हलपर, बंगळुरू)

पहिल्याचं उत्तर सोपं. * चा विस्तार शेल (टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) करतं, आरएमला फक्त तयार नावांची यादी मिळते. त्यात ‘-आरएफ’ आलं तर ती त्याला ‘आतल्या सगळ्यासकट, न विचारता काढ’ असा ऑप्शनच समजणार. गेटऑप्ट हे ऑप्शन वेगळे काढणारं फंक्शन वापरलंत तर ‘--’ च्या पुढचं सगळं नाव म्हणून धरलं जाईल. वापरणाऱ्यानं ‘./*’ लिहायची सवय लावली तर उत्तमच.

दुसऱ्याचं उत्तर: पुरे नाही. ‘//’, ‘/टीएमपी/..’, ‘/./’ ही सगळी / चीच रूपं. ग्नूची आरएम (लिनक्सवर सहसा असते ती) मजकूर ताडत नाही. / चा डिव्हाइस आणि आयनोड क्रमांक आधी घेऊन ठेवते आणि समोर आलेल्या डिरेक्टरीशी जुळवते. तुम्हीही तेच करा. ‘.’ आणि ‘..’ ला नकार तर पॉझिक्सनंच सांगितला आहे.

पण या पहाऱ्याचा फार भरवसा धरू नका. २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेम विकणाऱ्या ॲपच्या स्क्रिप्टमध्ये असं होतं: एका व्हेरिएबलमध्ये डिरेक्टरी, पुढे ‘/’ आणि ‘*’, आणि समोर आरएम -आरएफ. काही परिस्थितीत व्हेरिएबल रिकामं राहिलं, उरलं ‘/*’, आणि युजरला लिहिता येईल ते सगळं गेलं. इथे आरएमला / मिळालाच नाही. शेलनं त्याच्या आतली नावं एकेक करून दिली. त्याआधी २०११ मध्ये बंबलबी या प्रोजेक्टच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये /यूएसआर (बसवलेल्या प्रोग्रॅमांची डिरेक्टरी) च्या पुढे चुकून एक स्पेस पडली होती. लोकांच्या मशिनवरची अख्खी /यूएसआर गेली. अशा वेळी आरएम निमूट आज्ञा पाळते, कारण तिला मिळालेली आज्ञा व्यवस्थितच असते. बंदोबस्त स्क्रिप्टमध्येच करावा लागतो: व्हेरिएबलला अवतरणं, आणि ते रिकामं असेल तर शेलला थांबवणारी ‘:?’ ही खूण.

प्रश्न: थेट उडवण्याऐवजी ट्रॅशमध्ये टाकणारी कमांड केली आणि तिलाच आरएम असं अलायस (टोपणनाव) दिलं तर? (मुक्त सॉफ्टवेअरवर काम करणारा वाचक, पणजी)

कमांड जरूर करा, अलायस नको. ती सवय लागली की एक दिवस दुसऱ्याच्या सर्व्हरवर तुम्ही निर्धास्तपणे आरएम मारणार, आणि तिथे अलायस नसणार. वेगळं नाव द्या.

लिहिताना फ्रीडेस्कटॉप या, डेस्कटॉपांचे सामाईक नियम ठरवणाऱ्या प्रकल्पाचा ट्रॅशचा संकेत पाळा, म्हणजे डेस्कटॉपवरून फाइल परत आणता येईल. ट्रॅशमध्ये फाइल्स आणि इन्फो अशा दोन डिरेक्टऱ्या असतात. आधी इन्फोत मूळ पाथ आणि तारीख लिहायची, मग फाइल हलवायची. पाथ यूआरएलसारखा एन्कोड करावा लागतो, त्यामुळे मराठी नाव तिथे टक्क्यांच्या चिन्हांची माळ होऊन बसतं. पेनड्राइव्हवरची फाइल होमच्या ट्रॅशमध्ये रिनेम करायला गेलात तर ईएक्सडेव्ह ही एरर येईल, कारण रिनेम एका फाइलसिस्टिमवरून दुसऱ्यावर जात नाही. यासाठी संकेतात पेनड्राइव्हच्याच मुळाशी युजर क्रमांकाची वेगळी ट्रॅश डिरेक्टरी सांगितली आहे. ती वापरा, दहा जीबी कॉपी करत बसू नका.

प्रश्न: -एफ दिल्यावर सगळ्या एरर गिळून शून्य परत करायचं ना? (डिप्लोमाचा विद्यार्थी, लातूर)

सगळ्या नाही. -एफ दोनच गोष्टी करतं: काही विचारत नाही, आणि नसलेल्या फाइलबद्दल कुरकुरत नाही. पर्मिशन नाकारली किंवा फाइलसिस्टिम रीड-ओन्ली असली तर संदेश स्टँडर्ड एररवर गेलाच पाहिजे. एका नावाशी अडलं म्हणून बाकीची सोडू नका. सगळी करून झाल्यावर शून्याखेरीज दुसरा कोड परत द्या. आणि संदेशात नाव छापताना ते अवतरणांत घाला, नियंत्रक चिन्हं बदलून छापा: फाइलच्या नावात नवी ओळही असू शकते.