देव आहे की नाही, हे मला कधी कळेल का?

"मॅडम, देव खरंच आहे का हे कळायचा काही मार्ग आहे का?" मी सांगलीत समुपदेशक आहे, माझ्याकडे हा प्रश्न इतक्या वेळा येतो, आणि बहुतेक वेळा झोप लागत नाही, चिडचिड होते अशा तक्रारीच्या मागून येतो, की म्हटलं एकदा लिहूनच टाकावं. विचारणारे टवाळ नसतात हो. रोज पूजा करणारे असतात, नाहीतर पूजा सोडलेले आणि सोडल्याची धास्ती घेतलेले.

त्यातल्या एकांचं सांगते, त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असं सगळं बदलून. हायस्कूलला विज्ञान शिकवणारे सर, घराणं वारकरी, वडील गेल्यापासून संध्याकाळचा हरिपाठ यांच्याकडे आलेला. यूट्यूबवरचे आस्तिक-नास्तिक वाद ऐकून दोन्हीकडचे मुद्दे तोंडपाठ, आणि तरी हरिपाठाला बसलं की छातीत धडधड. सुरुवातीचे सेशन त्या मुद्द्यांतच गेले, ते सोडून देते.

मग एकदा ते महापुराचं बोलले. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेलेली, धोक्याची पातळी ४५ फूट, म्हणजे बघा. बायकापोरांना वर माडीवर पाठवून सर रात्री दारात बॅटरी घेऊन बसले, आणि मनात देवाला म्हणाले, वरची पायरी बुडाली नाही तर तू आहेस, बुडाली तर नाहीस. गढूळ पाणी वरून दुसऱ्या पायरीला लागलं, पाण्यावर कुणाचं तरी प्लॅस्टिकचं टमरेल त्या पायरीवर टकटक आपटत होतं, आणि पाणी तिथंच थांबलं.

"मग मिळाला की पुरावा," मी म्हटलं.

"मिळाला ना. पण त्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटली मॅडम. माणसं गेली. त्यांनी काय देवाला हाका मारल्या नसतील?"

"आणि पाणी तुमच्या घरात शिरलं असतं तर?"

"तर देव नाही म्हणून मोकळा झालो असतो."

"झाला असतात?"

बराच वेळ गप्प. मी पण काही बोलले नाही, अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवायचं असतं आणि ते मला जमतं. शेवटी सर म्हणाले, "नाही. दुसरी अट घातली असती. मला त्या रात्री देव आहे का हे जाणून घ्यायचंच नव्हतं. माझं घर वाचेल याची हमी पाहिजे होती." आणि ढसाढसा रडले.

मला वाटतं सगळी गाठ इथंच असते. हमी मागतो आपण आणि नाव देतो शोधाचं. मी ज्यांच्या पद्धतीने काम करते ते अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस स्वतः देव न मानणारे, पण त्यांचं एक सांगणं भाविकालाही तितकंच लागू पडतं, की एखादी गोष्ट व्हावी असं वाटणं वेगळं आणि ती झालीच पाहिजे हा हट्ट वेगळा. हट्ट असला की 'आहे' हे उत्तर मिळालं तरी भीती जात नाही, सरांची गेली होती का?

म्हणून आधी कुठल्या देवाबद्दल विचारताय ते स्वतःशी ठरवा. नवसाला पावणारा, अंगाऱ्याने आजार बरा करणारा, असं म्हणणं असेल तर ते तपासता येतं आणि तपासावंच, साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली अंधश्रद्धा निर्मूलन समिती (अंनिस) सुरू करून तेच तर केलं. पण या सगळ्या विश्वाच्या मुळाशी कुणी आहे का, हे पायरीवरच्या पाण्याने ना सिद्ध होतं ना खोटं ठरतं.

त्यासाठी मला गुरुदेव रा. द. रानड्यांचा रस्ता पटतो. जन्म जमखंडीचा, १८८६ चा, गुरू आपल्या जत तालुक्यातल्या उमदीचे भाऊसाहेब महाराज. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, पुढे अलाहाबाद विद्यापीठाचे कुलगुरू, म्हणजे युक्तिवाद कोळून प्यायलेला माणूस, आणि तो आयुष्यभर नामाला बसला. त्यांचा भर अनुभवावर, आणि अनुभव खरा असेल तर तो माणसाच्या वागण्यात उतरायलाच हवा यावर.

सरांना मी एवढंच सुचवलं, की महिनाभर हरिपाठ म्हणा पण काही मागू नका, रोज जे झालं ते वहीत लिहा, 'आज काहीच नाही' हेसुद्धा, आणि वागण्यात फरक पडला का हे स्वतः ठरवू नका, बायकोला विचारा. वहीत बरेच दिवस 'काहीच नाही'च होतं. एके दिवशी लिहिलेलं, आज मधेच थांबलो तरी भीती वाटली नाही. बायकोने सांगितलं, पोरांवर खेकसणं कमी झालंय. देव आहे का, यावर सर अजून 'माहीत नाही' म्हणतात पण आता ते शांतपणे म्हणतात. याच वाटेने जाऊन 'नाही' वर पोचलेले लोकही माझ्याकडे आहेत आणि त्यांचा शोध मी कमी प्रामाणिक मानत नाही.

एक मात्र, या विचारांपायी झोप-जेवण सुटलं असेल किंवा कानात आवाज येत असतील तर आधी मनोविकारतज्ज्ञाला दाखवा, त्याला साक्षात्कार समजून घरी बसू नका. आणि घरातलं पोरगं हे विचारायला लागलं तर 'असलं बोलू नये' म्हणून गप्प करू नका, कुठल्या देवाबद्दल विचारतोयस एवढं विचारा आणि त्याचं बोलून होईपर्यंत मधे पडू नका.