जर्मनीतला पहिला रविवार

जर्मनीत शिकायला जाणार आहेस ना, मग शनिवारीच दूध, भाजी, तांदूळ भरून ठेव. रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी सापडतात. माझा पहिला रविवार घरून नेलेल्या चिवड्यावर निघाला. पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली फेकू नकोस, सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकली की २५ सेंट अनामत परत मिळते.

रात्री दहानंतर मिक्सर लावू नकोस, तिथे ती शांतता पाळायची वेळ.

‘डू’ आणि ‘झी’ मात्र तुला लगेच उमगतील, ते आपले ‘तू’ आणि ‘तुम्ही’च. प्राध्यापकांना ‘झी’च म्हण, ‘डू’ म्हणायला आधी त्यांनी सुचवू दे. आणि गंमत म्हणजे तिथेही देवाला ‘डू’च म्हणतात, जसं आपण विठ्ठलाला ‘तू’ म्हणतो. हे कळलं त्या दिवशी ती भाषा मला एकदम जवळची वाटली.