मुद्दल मोडून लॅपटॉप घेऊ नका, काका

प्रश्न : मी एका सहकारी बँकेतून निवृत्त झालो, वय 64. हिला शाळेचं पेन्शन आहे, त्यात घर चालतं. यंदा कोल्हापूरच्या उद्यमनगरात टेम्पो ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन करून घेतली. आत पलंग, छोटा फ्रीज, पंखा, दिवे आणि त्यांच्यासाठी 100 एएचची (अँपिअर-तासांची) वेगळी ट्युब्युलर बॅटरी आहे. वर्षातून दोनदा पंचवीस-पंचवीस दिवस फिरायचं ठरवलंय. प्रवासात आणि घरी, दोन्हीकडं चालेल असा लॅपटॉप हवाय. मला प्रवासाचे व्हिडिओ करायचेत, बँकेची आणि डीमॅटची कामं असतात. ही ऑनलाइन मोडी लिपी शिकवते, महिन्याला सहाएक हजार मिळतात. घरी 2015 चा डेस्कटॉप आहे. पुतण्या म्हणतो, 1,20,000 चा गेमिंग लॅपटॉप घ्या, दहा वर्षं बघायला नको. दुकानदार नो-कॉस्ट ईएमआय देतोय. नाहीतर जून 2023 मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेल्या 15 लाखांतले लाखभर काढावेत म्हणतो. त्याचं व्याज आम्ही फिरण्यासाठी ठेवतो. बँकेत वेगळे दोन लाख आहेत. ही म्हणते, फोनवर भागवा. काय करू?

काका, आधी पैशाचं बोलू. तिथं चूक झाली तर ती लॅपटॉपपेक्षा महाग पडेल.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेतून लाखभर काढता येत नाहीत. मुदतीआधी पैसे हवे असतील तर अख्खं खातं बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटल्यावर बंद केलं तर ठेवीच्या 1 टक्का कापून घेतात. 15 लाखांवर ते 15,000 होतात. म्हणजे 1,20,000 चा लॅपटॉप खोक्यातून बाहेर निघायच्या आधीच 1,35,000 ला पडला. शिवाय या ठेवीवर तुम्ही जुन्या करप्रणालीत 80सीची वजावट घेतली असेल, तर पाच वर्षांच्या आत खातं मोडल्यामुळं ती रक्कम यंदाच्या उत्पन्नात धरली जाईल. तुमचा 8.2 टक्के दर पूर्ण मुदतीसाठी बांधलेला आहे, तोही हातचा जाईल. काउंटरच्या पलीकडं बसून तुम्ही स्वतः किती जणांना ठेव मोडण्यापासून परत फिरवलं असेल. तोच सल्ला आज तुम्हाला देतोय.

बँकेतल्या दोन लाखांनाही हात लावू नका. ते दवाखान्याचे पैसे आहेत. गाडी घेऊन घरापासून पाचशे किलोमीटरवर असाल तेव्हा तर ते जास्तच लागतील.

आता नो-कॉस्ट ईएमआय. व्याज नसलेलं कर्ज नसतं, आणि रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2013 मध्येच बँकांना शून्य टक्के व्याजाच्या योजनांबद्दल खडसावलं होतं. म्हणून हल्ली मांडणी बदलली आहे. बँक व्याज लावते आणि तेवढी सूट दुकानदार किंवा कंपनी आधीच किमतीतून देते. समजा दर 15 टक्के आणि मुदत बारा महिने आहे. मग तुमच्या 1,20,000 मध्ये साधारण 9,200 रुपये व्याजाचे असतात. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी साडेसोळाशे, तुमच्या कार्डावर येतात. प्रोसेसिंग फी वेगळी. दुकानात एवढंच विचारा, "एकरकमी दिले तर कितीला सोडणार?" तो आकडा ईएमआयच्या आकड्यापेक्षा कमी आला, तर फरक कुणाच्या खिशातून जाणार होता ते तिथंच कळेल.

मग पैसे आणायचे कुठून? 15 लाखांवर तिमाहीला तुम्हाला 30,750 रुपये मिळतात. 1 जुलैचे आले असतील, 1 ऑक्टोबरला पुढचे येतील. दोन्ही मिळून 61,500. आत्ता पावसाळा आहे. करूळ किंवा फोंडा घाटात या दिवसांत गाडी घालायला मी तुम्हाला सांगणार नाही, आणि तुम्ही घालणारही नाही. दसऱ्यापर्यंत कॅराव्हॅन दारातच उभी असेल, तर जुलैत लॅपटॉप घेण्याची घाई कशासाठी? दसरा-दिवाळीला सवलतीही लागतात. तोवर मुद्दल जागेवर राहील आणि लॅपटॉप व्याजातून निघेल.

माझं बजेट त्यामुळं 60,000 च्या आसपास ठरलं. आता तेवढ्यात तुमचं काम होतं का ते पाहू. पत्र दोनदा वाचल्यावर मला वाटलं की लॅपटॉप कुणासाठी घ्यायचा हेच तुमच्या घरात नीट ठरलेलं नाही. तुम्ही व्हिडिओचं सांगता, पुतण्या गेमिंगचं सांगतो, आणि ज्यांच्या कामातून पैसे येतात त्या काकू फोनवर भागवा म्हणतात. हा लॅपटॉप काकूंचा आहे असं धरून हिशेब करा. दोन प्रवासांचे मिळून पन्नास दिवस होतात. तेवढे दिवस वर्ग बंद राहिला तर वर्षाला दहा हजारांची फी बुडते. 60,000 चं यंत्र सहा वर्षं चाललं तर वर्षाला दहा हजार पडतात. वर्ग गाडीतून चालू राहिला तर लॅपटॉप स्वतःचा खर्च स्वतः भरून काढतो. गेमिंग लॅपटॉपचं असं काहीच होत नाही, त्याच्या जास्तीच्या साठ हजारांतून एक रुपयाही परत येत नाही.

काकूंचं म्हणणं मी उडवून लावत नाही. बँक, बातम्या, नकाशे यांना फोन पुरतो. पण मोडी शिकवताना जुन्या दस्ताचा फोटो मोठा करून, एकेका अक्षराची वळणं विद्यार्थ्यांना दाखवावी लागतात आणि त्याच वेळी समोरच्यांचे चेहरेही दिसावे लागतात. सहा इंचांच्या काचेवर हे रोज करणं डोळ्यांना झेपणार नाही.

गेमिंग लॅपटॉपला माझा खरा आक्षेप किमतीपेक्षा तुमच्या बॅटरीमुळं आहे. 12 व्होल्टच्या 100 एएच बॅटरीत कागदावर 1,200 वॅट-तास वीज असते. ट्युब्युलर बॅटरी सारखी निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं, म्हणून वापरायला 600 धरा. म्हणजे घरच्या मीटरवर पाऊण युनिटसुद्धा नाही. त्यातले तीनशे-साडेतीनशे चोवीस तासांत फ्रीज खाईल. रात्रभर पंखा आणि थोडे दिवे यांना दीडशे-दोनशे जातील. गाडी दिवसभर एकाच जागी उभी असेल तर उरतील जेमतेम शंभर. साधा हलका लॅपटॉप लिहिण्या-बोलण्याच्या कामाला तासाला 15 ते 20 वॅट-तास घेतो, पाच तासांना 75 ते 100. म्हणजे बसला. गेमिंग लॅपटॉप नुसता उघडून ठेवला तरी 40-50 वॅट ओढू शकतो आणि व्हिडिओ तयार करताना शंभराच्या वर जातो. तो बसत नाही.

तरी चार्जिंगचं अजून राहिलंच. गेमिंग लॅपटॉपचा चार्जर 180 ते 240 वॅटचा असतो. गाडीतल्या 12 व्होल्टच्या सॉकेटला सहसा 10 किंवा 15 अँपिअरचा फ्यूज असतो, म्हणजे साधारण 120 ते 180 वॅटची मर्यादा. मग इन्व्हर्टर बसवा, त्याला जाड वायर ओढा, आणि बॅटरीची डीसी वीज आधी एसी करून चार्जरमध्ये परत डीसी करण्यात दहा-पंधरा टक्के गमवा. याउलट 45 किंवा 65 वॅटवर टाइप-सीनं चार्ज होणारा लॅपटॉप असेल तर सॉकेटमध्ये बसणारा पीडी (पॉवर डिलिव्हरी, म्हणजे टाइप-सीतून जास्त वॅट देणारा) चार्जर पुरतो. तो दोन-अडीच हजारांत मिळतो. गाडी चालू असताना लॅपटॉप भरून घ्यायचा आणि मुक्कामी त्याच्याच बॅटरीवर काम करायचं. फ्रीजच्या वाट्याला धक्का नाही.

एक खबरदारी घ्या. टाइप-सीचं भोक दिसलं म्हणजे त्यातून चार्जिंग होतंच असं नाही. स्वस्त लॅपटॉपमध्ये ते कधी कधी फक्त डेटासाठी असतं.

बाकीचं थोडक्यात सांगतो. पडदा 14 इंची, वजन दीड किलोच्या आत, रॅम 16 जीबी. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून 8 जीबीवर वाचवलेले पैसे दोन वर्षांनी बोचतात. साठवण 512 जीबी, आणि ती एसएसडीच हवी. व्हिडिओचा साठा ठेवायला जी बाहेरची ड्राइव्ह घ्याल तीही एसएसडीच घ्या, कारण जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात आणि घाटातले हादरे तिला मारक. पडद्याचा उजेड हा मुद्दा दुकानात कुणी काढत नाही. तो निट्समध्ये मोजतात. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली 250 निट्सचा पडदा छान दिसतो. तारकर्लीच्या किनाऱ्यावर दार उघडं ठेवून बसलात की त्यात स्वतःचा चेहराच दिसेल. 400 निट्स मिळाले तर त्यासाठी दोन-तीन हजार जास्त द्यायला माझी हरकत नाही. दाजीपूरच्या गव्यांचे दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ जोडायला आजकालच्या साध्या प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं, थोडा वेळ जास्त लागेल इतकंच.

मॅकबुक एअरबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. मार्च 2025 मध्ये तो भारतात 99,900 पासून आला. 13 इंची यंत्राचं वजन 1.24 किलो आहे, आत पंखाच नाही म्हणून रस्त्याची धूळ ओढत नाही, आणि वीज कमी खातो. कॅराव्हॅनला तो शोभतो, हे मी मान्य करतो. पण त्यासाठी आणखी दोन तिमाहींचं व्याज लागेल आणि यंदाच्या फिरण्याला फारसं काही उरणार नाही. फिरण्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आणि फिरणंच कमी करायचं, हे मला पटत नाही.

घरासाठी दुसरं यंत्र नको. डेस्कटॉपचा मॉनिटर, कीबोर्ड, माउस ठेवा, एचडीएमआय केबलनं लॅपटॉप जोडला की घरी मोठा पडदा तयार. मोडीच्या दस्तांना तर तोच बरा. त्या 2015 च्या डब्यावर मात्र बँक आणि डीमॅट आजपासून बंद करा. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि इतका जुना प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत बसत नाही. दसऱ्यापर्यंत ती कामं फोनवर करा. इथं काकूंचं बरोबर आहे.

साध्या वॉरंटीत पडझड आणि पाणी सांडणं धरत नाहीत. अपघाती नुकसानीचं संरक्षण लॅपटॉपसोबतच घ्या, आणि कोल्हापुरात घरी येऊन दुरुस्ती मिळते की यंत्र पुण्याला पाठवावं लागतं ते बिल करण्याआधी विचारा. उन्हात बंद गाडीत लॅपटॉप ठेवू नका. मी एकदा मे महिन्यात डिकीत ठेवला होता, दोन महिन्यांत बॅटरी फुगून टचपॅड वर आला. दुरुस्तीपेक्षा त्या आठवड्यात अडलेली कामं मला जास्त महाग पडली.

आणि एक गोष्ट, जी तुम्ही लिहिली नाहीत पण मला रात्री आठवली. ट्रॅव्हलरची कॅराव्हॅन केली, तर तो बदल आरटीओकडून मंजूर करून आरसीवर चढवला आहे का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे ते लागतं. विमा कंपनीला कळवलं आहे का? नसेल, तर उद्या घाटात काही झाल्यावर अख्ख्या गाडीचा दावा अडकू शकतो. लॅपटॉप थांबेल, हे काम थांबवू नका. या आठवड्यातच आरसी आणि पॉलिसी समोर घेऊन बसा. पॉलिसीत गाडीतल्या सामानाचं संरक्षण आहे का तेही बघा. साध्या पॉलिसीत ते नसतं. जोडून मिळालं तरी लॅपटॉप त्यात धरतात का, ते कलम वाचूनच ठरवा.

1 ऑक्टोबरचं व्याज जमा झालं की काकूंना घेऊन जा, आणि जाताना कॅराव्हॅनच न्या. राजारामपुरीत सकाळी दुकानं उघडताना गेलात तर उभी करायला जागा मिळेल. पसंत पडलेला लॅपटॉप दुकानदाराला गाडीपर्यंत आणायला सांगा, तुमच्या सॉकेटमधून पीडी चार्जरनं जोडा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात चार्जिंगची खूण दिसली की मगच पैसे द्या.