बाईमाणूस, बाप्यामाणूस आणि ‘वुमन’

तासगाव तालुक्यातील एका महिला बचत गटाच्या सचिवताईंनी विचारले आहे : “८ मार्चच्या कार्यक्रमासाठी आम्ही ‘बाईमाणसाचे हक्क हे माणसाचेच हक्क’ असा फलक केला होता. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितले, की ‘बाईमाणूस’ हा गावंढळ आणि कमीपणा आणणारा शब्द आहे, शिवाय ‘माणूस’ पुल्लिंगी असल्यामुळे त्यात स्त्री येतच नाही. म्हणून ‘महिला हक्क’ असेच लिहायला हवे होते. आमचे चुकले का?”

चुकले नाही. चुकले ते पाहुण्यांचे, आणि तेही दोन ठिकाणी. ‘महिला’ या शब्दाचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, त्यावर जागा खर्च करत नाही. मात्र त्या शब्दाच्या प्रतिष्ठेची एवढी काळजी वाहणाऱ्यांनी संस्कृत कोश उघडून पाहिला, तर ‘महिला’ शब्दापुढे ‘मत्त स्त्री’ असाही एक अर्थ नोंदलेला त्यांना दिसेल. शब्दांची कुळे तपासून त्यांना पंक्तीला बसवायचे ठरले, तर ‘बाई’ बाहेर आणि ‘महिला’ आत हा न्याय टिकणार नाही.

आता ‘माणूस पुल्लिंगी’ या दाव्याकडे येतो, कारण दर मार्च महिन्यात सांगलीतल्या कोणत्या ना कोणत्या व्यासपीठावरून तो ऐकावा लागतो आणि माझ्या संयमाची परीक्षा होते. शालेय व्याकरणाच्या पुस्तकात ‘माणूस’ शब्दापुढे ‘पु.’ असे छापलेले असते, ते अर्धेच खरे आहे. मराठीत शेवटी ‘अ’ असलेला पुल्लिंगी शब्द अनेकवचनात बदलत नाही : एक देव, अनेक देव, एक बैल, अनेक बैल, एक उंदीर, दहा उंदीर. या नियमाने ‘एक माणूस, दहा माणूस’ व्हायला हवे होते. आपण मात्र ‘दहा माणसे’ म्हणतो, जसे ‘घर-घरे’, ‘लाकूड-लाकडे’. हा नपुंसकलिंगाचा साचा आहे. ‘चांगली माणसे आली’ असेच आपण म्हणतो, ‘चांगले माणसे आले’ असे कोणी म्हणत नाही. एकवचनातही ‘घरात जाणतं माणूस नाही’, ‘म्हातारं माणूस आहे, सांभाळून न्या’, ‘एकटं बाईमाणूस कुठं जाईल’ ही बोलणी मिरजेपासून माणदेशापर्यंत रोज कानावर पडतात. ‘आपला माणूस’ निवडणुकीला उभा राहतो, तर ‘आपलं माणूस’ आजारपणात उशाशी बसते, आणि ते बाई आहे की पुरुष याची चौकशी व्याकरण करत नाही. संस्कृतात ‘मानुष’ हे विशेषण आहे आणि नपुंसकलिंगी ‘मानुषम्’ म्हणजे मनुष्यपण. माझ्या मते मराठीतील माणसाचे नपुंसकलिंग हा त्याच मनुष्यपणाचा वारसा आहे. काही विद्वान ‘माणूस’ थेट ‘मनुष्य’ शब्दावरून काढतात, परंतु तसे असते तर प्राकृतातील ‘मणुस्स’ या पायरीवरून उतरताना आरंभीचा ‘म’ दीर्घ कशाने झाला, हे त्यांनी सांगायला हवे. ‘मानुष’पासून ‘माणुस’ आणि तेथून ‘माणूस’ ही वाट सरळ आहे. वाकडी वाट धरण्याचा हट्ट कशासाठी, ते त्यांचे त्यांनाच ठाऊक.

या कुळात इंग्रजीतला ‘मॅन’ही येतो. आपला मनु आणि तिकडचा ‘मॅन’ एकाच मूळ शब्दाची अपत्ये आहेत. जर्मानिक टोळ्या आपल्या आदिपुरुषाला ‘मान्नुस’ म्हणत, असे रोमन इतिहासकार टॅसिटसने नोंदवून ठेवले आहे. प्राचीन इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘पुरुष’ नव्हे, ‘माणूस’ असाच होता. पुरुषासाठी ‘वेर’ आणि स्त्रीसाठी ‘विफ’ असे निराळे शब्द होते. लॅटिनमधला ‘विर’ आणि आपला ‘वीर’ ही या ‘वेर’ची सख्खी भावंडे आहेत. माणसाचा लांडगा होतो त्या भुताच्या ‘वेअरवुल्फ’ या नावात हा ‘वेर’ अजून जिवंत आहे, स्वतंत्र शब्द म्हणून मात्र तो केव्हाच गेला. स्त्री नेमकी सांगायची, तर ‘विफ’ आणि ‘मान्न’ एकत्र करून ‘विफमान्न’ म्हणत. त्याचे ‘विम्मन’ आणि पुढे ‘वुमन’ झाले. म्हणजे ज्या शब्दाच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिषदा भरतात, तो ‘वुमन’ अक्षरशः आपला ‘बाईमाणूस’ आहे! अनेकवचन लिहिताना ‘वो’ आणि उच्चारताना ‘विमेन’ का, असे शाळेत विचारून ज्यांनी छडी खाल्ली असेल, त्यांना उत्तर आता मिळाले असेल : तो ‘वि’ जुन्या ‘विफ’चा उरलेला आवाज आहे. पुढे ‘विफ’चा अर्थ आक्रसून ‘वाइफ’, म्हणजे बायको, एवढाच उरला. आपल्याकडे ‘बायका’ म्हणजे स्त्रिया, पण ‘माझी बायको’ म्हणजे पत्नी, हीसुद्धा तशीच घडण आहे. ‘वुमन’ हा शब्द गर्भाशयवाचक ‘वूम’पासून आला असे जे सांगितले जाते, त्याला आधार नाही. तसेच ‘ह्यूमन’ शब्दाच्या शेवटी दिसणारा ‘मन’ हा ‘मॅन’ नव्हे. तो लॅटिन ‘हुमानुस’चा अवशेष आहे, तेव्हा त्याला पुरुषी ठरवून हद्दपार करण्याचे कारण नाही.

पुरुषासाठीही तशीच जोडी होती, ‘वॅप्नेडमान्न’ म्हणजे हत्यारवाला माणूस. आपल्याकडे गडीमाणूस आणि बाप्यामाणूस. सातारा-सांगलीच्या बोलीत ‘बाया-बाप्ये जमले’ असे आजही म्हणतात, आणि त्यात दोघांनाही विशेषण लागते, ‘माणूस’ मात्र दोघांचा सामाईक राहतो. इंग्रजीत ‘वेर’ मेला, ‘वॅप्नेडमान्न’ही मेला, आणि पुरुषाला स्वतःचे नाव उरले नाही, तेव्हा त्याने ‘मॅन’ हे सामाईक नावच बळकावले. स्त्री विशेषण लावून उभी राहिली आणि पुरुष विनाविशेषण ‘माणूस’ झाला. फ्रेंचमध्येही हेच घडले : लॅटिनमध्ये ‘होमो’ म्हणजे माणूस आणि ‘विर’ म्हणजे पुरुष, ‘विर’ नाहीसा झाला, आणि ‘होमो’पासून आलेला ‘ओम’ पुरुषाच्या नावावर चढला. म्हणूनच १७८९च्या, फ्रेंच राज्यक्रांतीतील हक्कांच्या जाहीरनाम्यातील ‘ओम’चे हक्क कोणाचे, हा प्रश्न निर्माण झाला आणि ओलांप द गूज या लेखिकेला १७९१मध्ये स्त्रीच्या आणि नागरिक स्त्रीच्या हक्कांचा वेगळा जाहीरनामा लिहावा लागला. १७९३मध्ये तिला गिलोटिनवर, म्हणजे शिरच्छेदाच्या यंत्रावर, चढवण्यात आले.

हे सगळे शब्दवेड्यांचे खेळ आहेत, असे पाहुण्यांना वाटत असेल, तर त्यांनी १९४७ आणि १९४८ सालच्या मसुद्यांची हकिगत वाचावी. मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा तयार होत असताना पहिल्या कलमाची सुरुवात ‘ऑल मेन’ या शब्दांनी होत होती. मानवी हक्क आयोगाच्या अध्यक्ष एलिनॉर रूझवेल्ट यांना त्यात काही खटकत नव्हते, कारण इंग्रजीत ‘मेन’मध्ये स्त्रिया धरल्याच जातात, अशी त्यांची समजूत होती. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी हरकत घेतली, की काही देश या शब्दाचा आधार घेऊन स्त्रियांना वगळतील. १९४५च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतच ‘मेन अँड विमेन’ यांचे समान हक्क असे शब्द होते. तेथे ‘मेन’ म्हणजे पुरुष आणि येथे ‘मेन’ म्हणजे सर्व माणसे, असे दोन अर्थ एकाच संस्थेच्या दोन कागदांवर नांदणार होते. (त्या सनदेवर सह्या करणाऱ्यांत स्त्रिया होत्या केवळ चार.) अखेर ‘ऑल मेन’ जाऊन ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ आले, आणि १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये ४८ मतांनी, एकही मत विरोधात न पडता, ८ देश तटस्थ राहून जाहीरनामा संमत झाला. सुरतेत जन्मलेल्या आणि बडोद्यात विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या बाईंनी इंग्रजीला तिचाच हरवलेला अर्थ परत मिळवून दिला. मराठीत हा मसुदा झाला असता, तर हंसाबेनना ‘सर्व माणसे’ या शब्दांवर बोट ठेवावेच लागले नसते.

त्याच कलमाच्या शेवटी मात्र ‘ब्रदरहुड’ राहून गेले. तेथे कोणाची नजर गेली नाही, किंवा गेली तरी निभावले नाही. आमच्याकडील काही मंडळी आता आपल्या संविधानातील ‘बंधुता’ शब्दावरही असाच आक्षेप घेऊन ‘भगिनीभाव’ जोडण्याची सूचना करतात. त्यांना नम्रपणे सांगायचे, की संस्कृत ‘बंधु’ म्हणजे मुळात भाऊ नव्हे. ‘बन्ध्’ म्हणजे बांधणे. जो कोणी नात्याने बांधला गेला आहे, तो बंधु. भावाला संस्कृतात ‘भ्राता’ आहे, आणि तोच इंग्रजांचा ‘ब्रदर’ आहे. तेव्हा ‘ब्रदरहुड’ अपुरा आहे, ‘बंधुता’ नाही.

कायद्याच्या भाषेतही या घसरगुंडीची किंमत मोजावी लागली आहे. सिनेटवर, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहावर, नेमणुकीसाठी स्त्री ही कायद्याने ‘पर्सन’, म्हणजे व्यक्ती, ठरत नाही, असा निकाल कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२८मध्ये दिला, आणि १९२९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या वरच्या अपील न्यायालयाने, तो फिरवला. मराठीत ‘व्यक्ती’ हा शब्दच स्त्रीलिंगी आहे. आपल्याकडे तो खटला चालला असता, तर न्यायमूर्तींनाच आपण व्यक्ती आहोत हे आधी सिद्ध करावे लागले असते.

जाहीरनाम्यातला शब्द बदलला, तरी व्यवहार लगेच बदलला नाही. ‘सर्व माणसे’ म्हणून झाल्यावरही स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या निर्मूलनासाठी १८ डिसेंबर १९७९ रोजी वेगळा करार करावा लागला. भारताने तो ९ जुलै १९९३ रोजी अनुसमर्थित केला. १९९५मध्ये बीजिंगच्या चौथ्या जागतिक महिला परिषदेत तर ‘स्त्रियांचे हक्क हे मानवी हक्क आहेत’ असे जाहीरनाम्यात स्वतंत्रपणे लिहून काढावे लागले. कोशाच्या दृष्टीने हे वाक्य पुनरुक्तीचे आहे, पण ‘मॅन’ने जे गिळले होते ते ओकवण्यासाठी ते आवश्यक होते. तासगावच्या भगिनींचा फलक म्हणजे याच वाक्याचा अनुवाद, आणि माझ्या मते मुळापेक्षा सरस, कारण ‘बाईमाणूस’ या शब्दाच्या पोटातच ‘माणूस’ उघड दिसतो.

‘बाईमाणूस असून एवढे केले’ या बोलण्यात कमीपणा आहे, हे मान्य. परंतु तो ‘असून’मध्ये आहे. ‘महिला असून’ म्हटल्याने तो रतिभरही कमी होत नाही. मला खरी भीती वाटते ती दुसऱ्याच वापराची. ‘अपघातात दोन माणसे आणि एक महिला जखमी’ अशी बातमी आता सर्रास छापून येते. तिसरी जखमी व्यक्ती माणूस नव्हती काय? ‘दुकानात एक माणूस होता आणि एक बाई होती’ असे शिकलेले लोकही म्हणतात. बाप्या, गडी हे शब्द खेडवळ ठरवून आपण टाकून दिले, ‘पुरुष’ म्हणायला जीभ अवघडते, आणि मग रिकाम्या जागेवर ‘माणूस’ सरकतो; इंग्रजीत ‘वेर’ मेल्यावर जे झाले, ते आपल्या डोळ्यांदेखत सांगलीच्या बाजारपेठेत चालू आहे. तेव्हा पाहुण्यांनी ‘बाईमाणूस’ हाकलण्याऐवजी ‘बाप्यामाणूस’ परत बोलावण्याचे मनावर घेतले असते, तर त्यांच्या भाषणाला मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

फलकात एकच दुरुस्ती सुचवतो. पत्रासोबतच्या छायाचित्रात दुसऱ्या ओळीवर ‘बाई माणुस’ असे तोडून आणि ‘णु’ ऱ्हस्व काढून लिहिलेले दिसते. हा सामासिक शब्द आहे, तो जोडून लिहावा आणि ‘णू’ दीर्घ काढावा : बाईमाणूस. वरच्या ओळीतील ‘बाईमाणसाचे’ मात्र बरोबर आहे. सामान्यरूपात तो ‘ऊ’ लोप पावतो.