वाचक विचारतात : कुकडीचं पाणी टेलला का पोचत नाही?

प्रश्न : सर, आमची जमीन नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, कुकडी डाव्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटाकडं. पावसाळ्यात डिंभे धरण भरलं, दारं उघडली, घोड नदीला पाणी सोडलं असे व्हिडिओ मोबाईलवर येतात आणि उन्हाळी आवर्तनाला, म्हणजे कालव्याला पाळीनं पाणी सुटतं तेव्हा, आमच्या चारीत (शेतापर्यंतच्या छोट्या कालव्यात) नुसता चिखल होतो. पाणी मागणीचा सात नंबर फॉर्म भरलाय, पाणीपट्टीची पावती आहे. धरणं एकमेकांना जोडलेली आहेत म्हणतात, मग भरलेल्या धरणातलं पाणी रिकाम्यात का टाकत नाहीत?

उत्तर : भाऊ, धरणं जोडलेली आहेत हे खरंय, पण कशी जोडलीत ते बघा, अर्धं उत्तर तिथंच आहे. कुकडी प्रकल्पात धरणं पाच, डिंभे, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि येडगाव, आणि तुमचा जवळपास 250 किलोमीटरचा डावा कालवा सुटतो येडगावातून. येडगाव तसं लहान, उपयुक्त साठा दोन टीएमसीच्या आतबाहेर (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), म्हणजे मागून येईल ते पाणी पुढं ढकलणं हेच त्याचं मुख्य काम. माणिकडोहचं पाणी तिथं कुकडी नदीतून येतं, वडजचं मीना पूरक कालव्यातून आणि डिंभ्याचं त्याच्या डाव्या कालव्यातून, तो साधारण 55 किलोमीटर. आता डिंभ्यात उपयुक्त पाणी मावतं साडेबारा टीएमसीच्या आसपास, माणिकडोहात दहा, पण माणिकडोह बऱ्याच वर्षी भरतच नाही आणि डिंभे भरून सांडतं, ते सांडलेलं पाणी कालव्यातून आणायचं तर कालवा त्याच्या पोटात मावेल तेवढंच नेणार, आणि आणलं तरी ठेवणार कुठं, येडगाव त्या दिवसांत बहुतेक भरलेलंच असतं. म्हणून डिंभे ते माणिकडोह सरळ बोगदा काढा अशी मागणी तुमच्याकडची मंडळी करतात, रिकामी जागा माणिकडोहात आहे ना.

पण बोगदा झाला की तुमची चारी भिजली, असं मी लिहून देणार नाही. 1000 क्युसेकने, म्हणजे सेकंदाला हजार घनफुटांनी, कालवा चालवला तर साडेअकरा दिवसांत एक टीएमसी जातं. येडगावच्या दारात मोजलेलं हे पाणी जुन्नर, पारनेर, श्रीगोंदा करत तुमच्यापर्यंत येताना किती उरतं, खरा प्रश्न तो आहे. मी कालव्यावर नोकरी केलीय (तुमचा नव्हे, दुसरा कालवा), रात्री बॅटरी घेऊन गेजपट्टी (पाण्याची उंची दाखवणारी पट्टी) बघायचो, संध्याकाळी साडेचार फुटांवर असलेलं पाणी पहाटे चार फुटांच्या खाली आणि वर तर कुणी दार उतरवलेलं नाही. सकाळी भरावावरून चालत गेलं की पाइप ओढल्याच्या ओल्या खुणा दिसायच्या, कुठं कुठं तर पाइपच्या तोंडाला लावलेलं पोतं तसंच राहिलेलं. बाकीचं पाझरात जातं. अस्तरीकरणाचं, म्हणजे कालव्याला आतून काँक्रीट लावायचं, काम काढलं की कालव्याखालचे विहिरीवाले ते अडवतात आणि त्यांनाही दोष देववत नाही, विहीर त्या पाझरावरच चालते, पण मग तो पाझर पाण्याच्या हिशोबात धरा ना, तो तुमच्या वाट्यातून का जावा?

माझं म्हणणं एकच, तालुक्याच्या प्रत्येक हद्दीवर पाणी मोजा, आकडा रोज गावाला दिसू द्या आणि भिजवण टेलकडून हेडकडे, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीकडे करा. नाशिक जिल्ह्यात वाघाड प्रकल्पावर टेलच्या ओझरच्या शेतकऱ्यांनी 1990 च्या सुमारास पाणी वापर संस्था काढल्या, मोजून पाणी घेतलं, पुढं सगळं लाभक्षेत्र संस्थांकडे आलं. आता 2005 चा कायदाही आहे, शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करायचा. तुमच्या चारीवर संस्था नसेल तर आधी ती करा, एकट्याच्या अर्जाला साहेब लोक फार वेळ देत नाहीत, संस्थेला द्यावा लागतो.

प्रश्न : आम्ही आंबेगावच्या. डिंभे धरणात सासऱ्यांची जमीन गेली. बोगदा झाला तर डिंभे रिकामं होईल असं सगळे म्हणतात. ही भीती खरी आहे का?

उत्तर : ताई, भीती खरी आहे, आणि ती बोगद्याच्या तोंडाच्या उंचीवर अवलंबून आहे. तोंड भरलेल्या पातळीजवळ ठेवलं तर नदीला सांडून जाणारं जादाचं पाणीच तेवढं पलीकडं जाईल. तळाशी ठेवलं तर पाणी दिवाळीनंतरही उतरत राहील, मग दार कुणाच्या हातात आणि कुणाच्या शब्दावर बंद होणार यावरच सगळं येतं. जमीन तुमच्या घरानं दिलीय, त्यामुळे विचारायचा हक्क तुमचा पहिला. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी लेखी अर्ज द्या आणि दोनच गोष्टी मागा : बोगद्याच्या तोंडाची तलांक पातळी (समुद्रसपाटीपासूनची उंची) किती, आणि धरण कोणत्या पातळीला आलं की दार बंद करणार. तोंडी उत्तर घेऊ नका. आणि जमलं तर वरच्या प्रश्नातल्या कर्जतच्या भावांनाही त्या बैठकीत बोलू द्या, त्यांच्या चारीतला चिखल तुम्ही बघितलेला नाही आणि तुमची पाण्याखाली गेलेली जमीन त्यांनी बघितलेली नाही.