माकडाचं पिल्लू, मांजरीचं पिल्लू आणि माणसाची इच्छा

तुम्ही विचारलंय की सगळं देवाच्याच हातात असेल तर नाम घेणं-न घेणं तरी माझ्या हातात आहे का, आणि कीर्तनात ऐकलेला माकड-मांजराचा दृष्टांत याबद्दल नेमकं काय सांगतो.

हा दृष्टांत तमिळ देशातल्या श्रीवैष्णवांचा. रामानुजाचार्यांच्या परंपरेत १३व्या-१४व्या शतकात शरणागतीवरून मतभेद झाले आणि पुढे दोन शाखा पडल्या. वेदान्त देशिकांना मानणारी ती वडकलै, पिळ्ळै लोकाचार्यांना मानणारी ती तेन्कलै. वडकलैंचा तो मर्कटन्याय: माकडीण या फांदीवरून त्या फांदीवर झेप घेते तेव्हा पोटाशी बिलगलेल्या पिलाने तिला घट्ट धरलेलं असतं. तेन्कलैंचा मार्जारन्याय: मांजर पिलाला मानगुटीला धरून उचलते, पिल्लू अंग सैल सोडून लोंबकळत राहतं.

यावरून बरेच जण ‘एक पंथ प्रयत्नवादी, दुसरा दैववादी’ असं सांगून मोकळे होतात. मला हे अजिबात पटत नाही. नीट बघा, माकडाचं पिल्लूही झेप घेत नाही. झेप आईचीच असते. पिलाकडे फक्त पकड आहे, आणि ती पकडसुद्धा ते जन्मतःच घेऊन येतं, कुणी शिकवत नाही. म्हणजे तारणारा देवच, हे दोन्ही शाखांना मान्य आहे. वाद आहे तो त्या पकडीला काय मोल द्यायचं याचा.

देशिकांची अडचण खरी होती. कृपेला काहीच निमित्त नसेल तर ती एकावर होते आणि दुसऱ्यावर का नाही? मग देव पक्षपाती ठरतो. म्हणून शरण जाणं हे निमित्त पुरे, पण तेवढं जिवाकडून हवं. यावर लोकाचार्यांचं म्हणणं असं की ‘मी शरण गेलो म्हणून सुटलो’ यातसुद्धा मीपणा उरतोच. जिवाने आड येऊ नये, बाकी सगळं देवाचं.

या भांडणात गायही येते, आणि मला तो दृष्टांत सगळ्यांत जास्त भिडतो. नुकत्याच जन्मलेल्या वासराच्या अंगावरची घाण गाय जिभेने चाटून काढते. तेन्कलै म्हणतात, देव भक्ताचे दोष असेच आवडीने स्वीकारतो. वडकलै म्हणतात, एवढं पुढे जाऊ नका, तो दोषांकडे कानाडोळा करतो इतकंच.

आपल्याकडे नामदेवांच्या अभंगात पक्षिणी सकाळी चाऱ्याला जाते आणि पिलं उपाशीपोटी तिची वाट बघतात. त्यांना आईला धरताही येत नाही, आणि ती जवळ नसल्याने उचलूनही नेत नाही. त्यांची स्वतःची अशी फक्त ओढ आहे. बंगालात रामकृष्ण परमहंसांचा कल मात्र मांजरीच्या पिलाकडे होता: आईने स्वयंपाकघरात ठेवलं काय नि मालकाच्या अंथरुणावर ठेवलं काय, ते नुसतं म्याव म्याव करतं.

मला विचाराल तर इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न भागवताच्या आठव्या स्कंधातल्या गजेंद्राच्या गोष्टीत जास्त उघडपणे येतो. मगरीने पाय धरल्यावर हत्ती हजार वर्षं आपल्या बळावर झुंजतो, आणि बळ सरल्यावर सोंडेत कमळ उचलून हाक मारतो. ती हाक वडकलै पकड म्हणतील, तेन्कलै म्हणतील की त्याने झुंजणं सोडलं. मला दोन्ही खरं वाटतं, कारण हाक मारायची की आणखी झुंजायचं हे त्या क्षणी गजेंद्रच ठरवतो.

राहिला नामाचा प्रश्न. तेन्कलै घरांतही पूजा-पाठ, आळवारांची (तमिळ वैष्णव संतकवींची) पदं रोज चालतातच. फक्त ते त्याला मोक्षाचं साधन म्हणत नाहीत, कैंकर्य म्हणतात, म्हणजे धन्याची सेवा. त्यामुळे मांजरीच्या पिलाचा दाखला देऊन कुणी तुम्हाला नाम सोडायला सांगत असेल, तर खुद्द त्या शाखेचाही त्याला आधार नाही. नाम घेत राहा.