‘स्पिरिटेड अवे’ पाहिला, आवडला, पण कळला नाही. काओनाशी नेमका कोण, यातल्या प्रतीकांचा अर्थ कसा लावायचा, आणि शेवटी नायिका चिहिरो ‘मोठी’ होते का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: काओनाशी कोण, डुक्कर-नदी-आगगाडी यांचा मानसशास्त्रीय अर्थ काय, आणि शेवटी चिहिरो ‘मोठी’ होते का. उत्तराआधी एक सवय सोडा. डुक्कर म्हणजे हाव, पाणी म्हणजे अंतर्मन, बोगदा म्हणजे जन्म, अशी यादी घेऊन हायाओ मियाझाकींचा हा २००१ चा चित्रपट बघायला बसलात तर शेवटी हातात यादीच उरते. त्यापेक्षा एकाच गोष्टीवर नजर ठेवा: तोंड. कोण काय खातंय, कोण काय ओकतंय, कोण काय बोलतंय आणि कोणाला बोलताच येत नाही. चित्रपटाची जवळजवळ सगळी वळणं तिथेच आहेत.

आईबापांपासून सुरू करू. बोगद्यापलीकडची ओसाड वस्ती बघून बाप सांगतो की हे थीम पार्क असणार. नव्वदच्या सुमारास असले प्रकल्प जागोजागी निघाले आणि तेजीचा फुगा फुटल्यावर सगळे बुडाले. मग तोच बाप रिकाम्या दुकानातल्या जेवणावर ताव मारतो आणि मुलीला समजावतो की काळजी नको, रोख आहे, कार्डही आहे. हे वाक्य निसटू देऊ नका. भूक हा त्याचा गुन्हा नाही. पैसे नंतर देता येतील या हिशेबानं त्यानं देवांसाठी मांडलेलं ताट ओढलं, हा गुन्हा आहे, आणि त्यापायी दोघं आईबाप डुकरं होतात. नैवेद्य उष्टावला म्हटलं की मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

जपानी प्रेक्षकाला इथे आणखी एक जुनी गोष्ट आठवते. ७१२ सालच्या ‘कोजिकी’ या जपानी पुराणग्रंथात इझानामी ही देवी मृतांच्या लोकातलं अन्न खाते आणि तिला परतता येत नाही. मियाझाकी हे उलटं करतात: चिहिरो तिथलं काही खात नाही म्हणून विरघळायला लागते आणि तिथलाच एक मुलगा, हाकु, तिला एक फळ खायला लावतो, तेव्हा कुठे हाताला हात लागतो. आईबाप खाऊन हरवतात, मुलगी खाऊन टिकते. फरक अन्नात नाही. एकानं ओरपलं, दुसरीला कोणीतरी दिलं. हाकुनं दिलेले भाताचे गोळे खाताना तिला रडू फुटतं, तोही याच धाग्यातला प्रसंग.

आता बोलणं. देवांच्या हमामखान्याकडे जाणाऱ्या पुलावर चिहिरोला श्वास रोखून चालावं लागतं. हमामखान्याची मालकीण, चेटकीण युबाबा, जादूनं तिचे ओठ चेनसारखे बंद करते. तरीही चिहिरो एकच वाक्य धरून बसते: मला इथे काम द्या. काम मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, अशा शपथेत युबाबा अडकलेली आहे. मियाझाकींनी चित्रपटाच्या आराखड्यात लिहून ठेवलं होतं की या जगात शब्दाला ताकद आहे. ‘नको’, ‘घरी जायचंय’ म्हणालीस तर संपलीस, ‘काम करते’ म्हणालीस तर चेटकिणीलाही ते डावलता येणार नाही. म्हणून तिथे काम करणारी रिन तिला ‘हो म्हण, आभार मान’ असं दटावते, ते निव्वळ शिष्टाचाराचे धडे नाहीत.

मग करार. ‘ओगिनो चिहिरो’ या नावाची चार जपानी चित्राक्षरं कागदावर असतात, त्यातली तीन युबाबा उचलून मुठीत घेते. उरतं ते एक अक्षर, ‘हजार’ या अर्थाचं, आणि त्याचा वेगळा उच्चार ‘सेन’. मूळ नावाचा अर्थ हजार वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी, आपले दर्यावर्दी खोली मोजायला वापरत तेच माप. खोली गेली, आकडा उरला. नोकरीवर रुजू होताना माणसाचा हजेरी क्रमांक होतो, तसंच. (आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिताना सगळे हसत असतात. हा प्रसंग पाहिल्यावर तो विधी थोडा वेगळा दिसतो.) सेन स्वतःचं नाव विसरतच आलेली असते. हाकु तिचे जुने कपडे परत देतो, त्यात मैत्रिणीनं दिलेलं निरोपाचं कार्ड सापडतं आणि त्यावर ‘चिहिरो’ लिहिलेलं असतं. स्वतःचं नाव तिला दुसऱ्याच्या हस्ताक्षरातून परत मिळतं.

आता काओनाशी. शब्दाचा अर्थ ‘चेहरा नसलेला’. नेहमीचं उत्तर असं की तो मानसशास्त्रज्ञ युंगचा ‘पर्सोना’, म्हणजे समाजासाठी घातलेला मुखवटा, किंवा मग आपली ‘छाया’, म्हणजे मनाची दडवलेली बाजू. मला हे अर्धवट वाटतं. मुखवटा म्हटलं की मागे कोणीतरी खरं असायला हवं. इथे मुखवट्याच्या मागे काही नाही आणि खरं तोंड मुखवट्याच्या खाली, धडात आहे. त्याला स्वतःचा आवाजही नाही, नुसतं ‘आ… आ…’.

त्याची वाटचाल क्रमानं बघा. पावसात बाहेर उभा असतो. सेन त्याला गिऱ्हाईक समजून दार उघडं ठेवते. तिला हमामाच्या औषधी पाण्यासाठी लाकडी पट्टी हवी असते, ती तो चोरून देतो. ती खूश होते. मग तो ओंजळभर पट्ट्या आणतो आणि ती म्हणते, एवढ्या नकोत. दरम्यान नदीचा देव सोनं टाकून जातो आणि सगळा नोकरवर्ग त्यावर तुटून पडतो, हे काओनाशी बघतो. झालं, त्याला ‘प्रेम कसं मिळतं’ याचं सूत्र सापडतं. तो सोनं काढतो, बेडूक गिळतो आणि त्या बेडकाच्या आवाजात बोलायला लागतो. पुढे आणखी दोघांना गिळतो. खा खा खातो, फुगतो. पण सोनं सेन घेत नाही, आणि कोलमडतो तो तिथेच. तुझं घर कुठे, आईवडील नाहीत का, असं ती विचारते तेव्हा त्याला एकच गोष्ट सांगता येते, की एकटं वाटतंय.

म्हणजे तो ‘हाव’ नाही. ज्याचं स्वतःचं असं काही नाही, तो समोरच्याला काय हवं ते हुंगून तेवढंच होत जातो. हावरटांच्या घरात हावरट, शांत घरात शांत. सेन स्वतः तेच म्हणते: हमामखान्यात आहे म्हणून तो बिघडलाय, तिथून निघालेला बरा. युबाबाची जुळी बहीण झेनिबा, तिच्या झोपडीत तोच प्राणी चहाबरोबर केक नीट खातो आणि सूत काततो. समुपदेशनातल्या लोकांना हा माणूस ओळखीचा वाटेल.

गिळण्याइतकंच ओकणं महत्त्वाचं. दुर्गंधीचा देव म्हणून आलेल्याच्या अंगातून सेन आधी सायकल ओढते, मग भंगाराचा डोंगर बाहेर येतो आणि खाली निघतो नदीचा देव. मियाझाकींनी नदी साफ करताना प्रत्यक्ष सायकल ओढून काढली होती, त्यावरून हा प्रसंग आला. तो देव जाताना तिला एक कडू गोळा देतो. तो तिला आईबापांसाठी जपायचा असतो. अर्धा ती जखमी हाकुला भरवते. तो झेनिबाकडून चोरलेला शिक्का ओकतो, आणि त्यासोबत युबाबानं त्याच्या पोटात सोडलेला काळा किडाही. उरलेला अर्धा काओनाशीला जातो. नायिकेकडचं एकमेव औषध परक्यांवर संपतं, आईबापांना काहीच उरत नाही. माझ्या मते चित्रपटाचा कणा हा आहे, सोन्याचा प्रसंग नव्हे. किडा चिरडल्यावर सेन बोटांची कडी करते आणि हमामखान्याची भट्टी सांभाळणारा म्हातारा कामाजी ती हातानं तोडतो, तो जपानी मुलांचा विटाळ तोडायचा खेळ. नुसतं विनोदी हातवारे समजून पुढे जाऊ नका.

आगगाडीबद्दल थोडंच. कामाजी सांगतो की पूर्वी परतीची गाडीही असायची, आता फक्त जाणारी आहे. त्यावरून ‘सगळे मेलेले आहेत’ असा सिद्धांत फिरतो. सावल्यांसारखे प्रवासी बघून तसं वाटणं साहजिक आहे, पण सेन रुळावरून चालत परतायचं ठरवूनच गाडीत बसते. हमामखान्याचा वेश्यावस्तीशी लावलेला संबंध मात्र अगदी हवेतला नाही: तिथल्या बायकांना ‘युना’ म्हणतात आणि एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, तो शब्द तसाच वापरला जाई. पण सगळा चित्रपट त्या एका किल्लीनं उघडायला जाल तर काओनाशी, नदी, युबाबाचं बाळ सगळं बाहेर राहतं.

शेवटी ‘मोठी होते का’. दुसऱ्यांदा बघताना मूळ जपानी आवाज आणि सबटायटल्स लावा. इंग्रजी डबमध्ये शेवटी वाक्यं घुसडली आहेत: नवं घर, नवी शाळा, भीती वाटते ना, असं बाप विचारतो आणि ती म्हणते, जमेल मला. जपानीत यातलं काहीच नाही. उलट डुकरांच्या रांगेसमोर उभं राहून तिनं ‘यात माझे आईबाबा नाहीत’ असं बिनचूक सांगितलेलं असतं, आणि लगेच बोगद्यात ती पहिल्यासारखीच आईच्या दंडाला चिकटून चालते. आईही तेच म्हणते: इतकी बिलगू नकोस, चालता येत नाही. बाहेर गाडीवर पानं आणि धूळ साचलेली असते. ती वळून बघते तेव्हा झेनिबाकडे सगळ्यांनी मिळून कातलेल्या सुताची केसांतली दोरी क्षणभर चमकते.